प्लगवर सहा, वायरवर दहा, भिंतीत सोळा: ॲम्प्लिफायरला नक्की कोणता आकडा लागतो?

तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ दहाएक वर्षांपूर्वी बांधलेला फ्लॅट. भावाने दुबईहून आणलेला एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरना पुरवणारा ॲम्प), त्याला चौकोनी पिनांचा १३ ॲम्पियरचा प्लग. एक जुना, दोघांनी उचलावा असा दोन चॅनेलचा पॉवर ॲम्प्लिफायर, त्यासोबत जाड वायर आणि १६ ॲम्पियरचा प्लग. सबवूफर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आहेतच. टीव्ही युनिटमागे मात्र ६ ॲम्पियरचे दोनच पॉइंट. दुकानदार म्हणतो, कन्व्हर्टर लावा. वायरमन म्हणतो, त्याच बॉक्समध्ये सोळाचं सॉकेट बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम. मित्र म्हणतात, भारीतली पॉवर केबल घेतल्याशिवाय ॲम्प खुलणारच नाही. शिवाय स्पीकरमधून बारीक हम, म्हणजे सततची घुरघुर, येते आणि ॲम्पच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या येतात. तर कोणाचं ऐकायचं?

मी अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता घरगुती वायरिंग आणि ॲम्प्लिफायर दुरुस्ती करतो. माझं उत्तर असं, की तिघांचंही ऐकू नका. सगळ्यात घातक सल्ला वायरमनचा आहे, आणि नेमका तोच सगळ्यात व्यवस्थित वाटतो. का ते पुढे येईल.

पहिला गोंधळ आकड्यांचा. प्लगवर, वायरवर, सॉकेटवर जो ॲम्पियरचा आकडा असतो, तो त्या वस्तूची सहनशक्ती सांगतो. तेवढा करंट तिच्यातून वाहणारच असं नाही. करंट किती वाहायचा ते उपकरण ठरवतं. सेट-टॉप बॉक्स सोळाच्या पॉइंटला लावला म्हणून त्यात सोळा ॲम्पियर घुसत नाहीत, आणि ॲम्पला सोळाचा प्लग आहे म्हणून तो सोळा ॲम्पियर ओढत नाही. तेव्हा आधी शोधायचं की उपकरण किती ओढतं. मग डीबीतल्या (घरच्या मुख्य वितरण-बोर्डातल्या) एमसीबीपासून, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचपासून, ॲम्पच्या पाठीपर्यंतची प्रत्येक कडी तेवढं झेलते का ते बघायचं. यात एकही कडी कमजोर असली तर बाकीच्या कितीही जाड असल्या तरी उपयोग नाही.

तर किती ओढतो? ॲम्पच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट लिहिलेले असतात. पहिल्यांदा व्होल्ट बघा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुबईचा माल याबाबतीत जुळतो, फक्त प्लग वेगळा. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेल्या सेटवर १२० किंवा १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा, पिना जुळतात म्हणून लावू नका. काही जुन्या ॲम्पना मागे व्होल्टेज बदलायची सोय असते, पण तो काटा २३०वर फिरवला की आतला फ्यूजही बदलावा लागतो. १२० व्होल्टवर १० ॲम्पियरचा फ्यूज असेल तर २३० व्होल्टवर तो साधारण निम्म्याचा पाहिजे. काटा फिरवतात सगळे, फ्यूज बदलतं कोणी नाही.

आता वॅट. रिसीव्हरच्या खोक्यावर '७ गुणिले १०० वॅट' आणि पाठीवर खप ५०० वॅट, हे बघून लोक म्हणतात काहीतरी खोटं आहे. ॲम्प्लिफायरचा खप मोजताना सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर चालवून मोजतात, कारण गाणं म्हणजे सतत पूर्ण ताकद नव्हे. तबल्याची थाप क्षणभर उसळते आणि बसते. म्हणून पाठीवरचा आकडा रोजच्या, चांगल्या मोठ्या आवाजाच्या जवळपास जातो. कमाल हवी असेल तर हिशोब वेगळा करावा लागतो.

तो तुमच्या पॉवर ॲम्पसाठी करू. दर चॅनेलला २०० वॅटचा एबी क्लास (जुन्या ॲम्पची नेहमीची रचना) ॲम्प आहे असं धरा. दोन्ही चॅनेल पूर्ण ताकदीने म्हणजे बाहेर ४०० वॅट. एबी क्लासची कार्यक्षमता पूर्ण ताकदीवर साठ-पासष्ट टक्के, म्हणजे आत साडेसहाशे वॅटच्या आसपास. आता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठे कपॅसिटर असा जुना पुरवठा करंट सलग न घेता उचक्या दिल्यासारखा घेतो. त्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खऱ्या वॅटचं लाइनमधून ओढलेल्या व्होल्ट-ॲम्पियरशी (व्हीए) असलेलं प्रमाण, ०.६५च्या आसपास धरावा. साडेसहाशेला ०.६५ने भागलं की हजार व्हीए. हजारला २३०ने भागलं की साधारण ४.३ ॲम्पियर. चार ओहमचे, म्हणजे ॲम्पकडून जास्त करंट मागणारे, स्पीकर असतील तर हा आकडा क्षणभर सात-साडेसातपर्यंत जाईल. हॉलमध्ये बसून ऐकताना त्याच्या चौथाईपर्यंतही तुम्ही जाणार नाही, खालच्या मजल्यावरचे जाऊ देणार नाहीत.

मग त्याला सोळाचं इनलेट का दिलं? कारण कंपनी तोच ॲम्प जपानमध्ये १०० व्होल्टवर विकते. तेच हजार व्हीए तिथे १० ॲम्पियर होतात. जगभर एकच साचा वापरायचा म्हणून मोठं इनलेट. त्यामुळे ॲम्पच्या मागचं मोठं तोंड बघून घाबरायचं कारण नाही. त्याचा आदर मात्र करायचा, कारण चार ओहमवर सहाची मर्यादा ओलांडायची त्याची ऐपत आहे.

वायरच्या टोकाचं कोडंही याच जातीचं. कॉम्प्युटरला लागते ती तीन फटींची मादी, तिला आयईसी ६०३२० या मानकात सी-१३ म्हणतात. आंतरराष्ट्रीय हिशोबाने ती १० ॲम्पियर, २५० व्होल्टची. अमेरिकन संस्था त्याच वस्तूला १५ ॲम्पियर, १२५ व्होल्ट म्हणतात. म्हणून एकाच प्लॅस्टिकवर दोन आकडे. आपल्यासाठी १० हा खरा. तुमच्या पॉवर ॲम्पला आडव्या, रुंद फटींची मोठी मादी लागते, ती सी-१९. आपल्या हिशोबाने १६ ॲम्पियरची. सबवूफर आणि लहान प्लेअरला आठच्या आकड्यासारखी जी दोन छिद्रांची येते, ती सी-७, फक्त अडीच ॲम्पियरची आणि अर्थ नसलेली. तिथे अर्थ नसणं हा दोष नाही. उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला दोनच पिना पुरतात.

दोन टोकांच्या मधली वायर लोक विसरतात. लवचीक तांब्याची वायर ०.७५ चौरस मिमीची असेल तर ६ ॲम्पियरपर्यंत, एकची असेल तर १०पर्यंत, दीडची असेल तर १६पर्यंत, असं धरून चाला. कॉम्प्युटरसोबत येणारी वायर बहुतेक ०.७५ची. रिसीव्हरला ती पुरते. पॉवर ॲम्पला दीडची घ्या. हे आकडे वायरच्या सालीवर छापलेले किंवा कोरलेले असतात, '३ गुणिले ०.७५' अशा रीतीने. आयएसआय खूण आणि सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो.

पण छापलेलं सगळं खरं असतंच असं नाही. रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या वायरवर काहीही छापलेलं असतं. शंका आली तर टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. तांब्याच्या रंगाखाली चांदीसारखं पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. चुंबकाला चिकटली तर त्याहून वाईट, आत लोखंड आहे. अशी वायर मोबाईल चार्जरलाही लावू नये असं माझं मत आहे, ॲम्प तर लांबच.

आता भिंतीकडे. आपला गोल तीन पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश, १९३४च्या बीएस ५४६ मानकातला. इंग्रजांनी १९४७मध्ये चौकोनी पिनांचं बीएस १३६३ काढलं, आपण गोल पिनाच ठेवल्या आणि आयएस १२९३मध्ये त्या ६ आणि १६ ॲम्पियर अशा नोंदवल्या. जुने लोक त्यांनाच ५ आणि १५ म्हणतात. सहाच्या प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना ५ मिमीच्या, अर्थची ७ मिमीची. सोळाच्या फेज-न्यूट्रलच्याच पिना ७ मिमीच्या, आणि अर्थची पावणेनऊच्या जवळ. म्हणजे सोळाचा प्लग सहाच्या सॉकेटमध्ये कितीही दाबला तरी जाणारच नाही. ही अडचण मुद्दाम केलेली आहे. जास्त ओढू शकणारं उपकरण कमी सोसणाऱ्या पॉइंटला लागूच नये म्हणून.

दुकानदाराचा कन्व्हर्टर नेमकी हीच अडचण काढून टाकतो. सोळाचा प्लग वरच्या भोकात, खाली सहाच्या बारीक पिना. मधे पितळेच्या पट्ट्या, अनेकदा रिव्हेटने ठोकलेल्या. त्यात तुमच्या ॲम्पचा जाड प्लग आणि वायरचं वजन त्या लोंबत्या ठोकळ्यावर. पिना हळूहळू तिरक्या होतात, सॉकेटचा चिमटा सैलावतो. ॲम्प एरवी चार ॲम्पियरच ओढतो म्हणून महिनोन्महिने काही होत नाही. मग एखाद्या दिवशी घरी पाहुणे येतात, ॲम्पचा प्लग काढून त्याच कन्व्हर्टरमध्ये कोणीतरी इस्त्री किंवा इंडक्शन शेगडी लावतं.

रिसीव्हरच्या दुबईच्या प्लगबद्दल वेगळं सांगायला हवं. त्या चौकोनी प्लगच्या पोटात फ्यूज असतो, ३, ५ किंवा १३ ॲम्पियरचा. तिकडे वायरचं रक्षण तो करतो. आपल्याकडे लोक तो प्लग कापून आपला थ्री-पिन टॉप बसवतात आणि वायरचा रखवालदार कचऱ्यात जातो. कापू नका. रिसीव्हरच्या मागे वायर सुटी होत असेल तर मूळची गुंडाळून ठेवा आणि सहाचा मोल्डेड प्लग असलेली, आयएसआय खुणेची चांगली वायर घ्या. युरोपातून आलेला गोल, जाडजूड प्लग असेल तर आणखी सावध राहा. त्याच्या दोन गोल पिना आपल्या सॉकेटमध्ये सैलसर का होईना बसतात, सेट चालूही होतो, पण त्याची अर्थ प्लगच्या बाजूच्या पट्ट्यांवर असते. आपल्या सॉकेटमध्ये ती कशालाच टेकत नाही. तीन तारांची वायर दोन तारांवर चालते आणि कळतही नाही.

आता वायरमन. तो म्हणतो त्याच बॉक्समध्ये सोळाचं सॉकेट बसवतो. त्या बॉक्समागे कोणती वायर आहे हे त्याने बघितलं का? फ्लॅटमध्ये सहाचे पॉइंट बहुतेक एक किंवा दीडच्या वायरवर, पंख्या-दिव्यांच्या बोर्डातून लूप मारून आलेले असतात. पाइपातून ओढलेली एकची तांब्याची वायर साधारण ११ ॲम्पियर सोसते, दीडची १४, अडीचची १९. जुन्या नाशकात, भद्रकाली-रविवार कारंजा भागातल्या वाड्यांत, अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग दिसतं. तिथले जुने वायरमन 'तीन-बावीस' म्हणतात, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिमी भरतं. तुमचा फ्लॅट त्यापेक्षा बरा असणार, पण सॉकेट बदललं म्हणून मागची वायर जाड होत नाही.

आणि मग पुढचं नाटक ठरलेलं असतं. सोळाचं सॉकेट दिसलं की घरातलं कोणी ना कोणी त्यावर हीटर लावतं. १० ॲम्पियरचा एमसीबी उडतो. हे त्याचं कामच आहे, तो भिंतीतली वायर वाचवतो आहे. पण घरात 'सारखा एमसीबी पडतो' अशी तक्रार होते, आणि तोच वायरमन येऊन १६चा किंवा २०चा एमसीबी लावून जातो. आता पडत नाही. सगळे खूश. आणि एकच्या वायरवर कोणी लक्ष ठेवणारं उरलेलं नाही.

एमसीबीबद्दल एक समज खोडून काढतो. १६ ॲम्पियरचा एमसीबी १६.१ला पडत नाही. मानकानुसार त्याने १.१३ पटीला, म्हणजे १८ ॲम्पियरला, तासभर टिकून राहिलंच पाहिजे. १.४५ पटीला, म्हणजे सव्वातेवीसच्या आसपास, तो तासाभरात पडला पाहिजे. म्हणजे ०.७५ची वायर आणि सहाचं एक्स्टेंशन सोळाच्या एमसीबीखाली असेल, तर ते एक्स्टेंशन भाजून निघेपर्यंत एमसीबीला दखल घ्यायची गरजच वाटणार नाही. तुमच्या सुट्या वायरचं रक्षण उपकरणातला फ्यूज करतो आणि तुमची अक्कल करते.

यातून कामाचा मार्ग असा. पॉवर ॲम्पसाठी डीबीतून थेट, मधे कुठे लूप न मारता, अडीचची नवीन वायर आणा. अर्थसुद्धा नवीन, डीबीच्या अर्थपट्टीवरून. तिला १६ ॲम्पियरचा, सी कर्व्हचा एमसीबी. कर्व्ह मुद्दाम सांगतो. मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालू करताना काही क्षण कित्येक पट करंट ओढतो. बी कर्व्हचा एमसीबी तीन ते पाच पटीला लगेच पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहा पटीला. बी लावलात तर ॲम्प चालू करताना अधूनमधून उगाच पडेल, आणि मग पुन्हा कोणीतरी एमसीबी मोठा करायला निघेल. सॉकेट निव्वळ सोळाचं घ्या. सहा-सोळा दोन्ही चालणारी जी भोकांची जाळी येते, तिच्यात दोन मापांच्या पिना धरायच्या म्हणून एकही नीट धरली जात नाही, असा माझा अनुभव आहे.

रिसीव्हर, सबवूफर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स जुन्या सहाच्या दोन पॉइंटवर राहू द्या. त्यांचा सगळा मिळून मोठ्या आवाजातला खप चार-पाच ॲम्पियर. एक चांगलं एक्स्टेंशन त्याला पुरतं, फक्त एक्स्टेंशनला पुन्हा एक्स्टेंशन नको आणि वायरचं वेटोळं टीव्ही युनिटच्या बंद खणात कोंबायचं नाही. नवं आणि जुनं सर्किट एकाच फेजवर ठेवा. थ्री-फेज कनेक्शन असलेल्या बंगल्यांत हे हमखास चुकतं. ॲम्प एका फेजवर, सबवूफर दुसऱ्या, आणि दोघांना जोडणारी सिग्नलची वायर मधे. दोन फेजमधला फरक ४०० व्होल्टच्या घरात असतो.

आता ज्यावर कोणी बोलत नाही आणि ज्यामुळे माझ्याकडे सगळ्यात जास्त जळके प्लग येतात ती गोष्ट, सैल पकड. सॉकेटच्या आतला चिमटा सैलावला आणि तिथे अर्धा ओहम अडथळा तयार झाला असं धरा. पाच ॲम्पियर वाहिले तर करंटचा वर्ग गुणिले अडथळा, म्हणजे पंचवीस गुणिले अर्धा, साडेबारा वॅट. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सोल्डरिंगची लहान इस्त्री पंचवीस वॅटची असते, तिची निम्मी उष्णता एका पिनेच्या टोकावर, बंद डबीत, तासन्‌तास. करंट मर्यादेत असूनही सॉकेट जळतं ते असं. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या लेखी पाच ॲम्पियर म्हणजे पाच ॲम्पियर.

ओळखायचं कसं? तासभर मोठ्याने गाणी ऐका. मग ॲम्प बंद, सॉकेटचं बटण बंद, प्लग ओढा आणि लगेच पिनांना बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर त्या दिवसापासून ते सॉकेट बाद. पिनेचं निरीक्षण करा. निरोगी पितळी पिनेवर चिमट्याच्या घासण्याच्या चकचकीत रेघा दिसतात. सैल पकडीच्या पिनेवर एकाच बाजूला काळपट-निळसर डाग असतो, कधी बारीक खड्डे, आणि सॉकेटच्या त्याच भोकाची कड पिवळी-तपकिरी झालेली. ठिणग्या पडल्याची ती खूण. प्लगच्या पिनांना मधे चीर असेल तर त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फाकवायची एक सर्वमान्य पद्धत आहे. दोन दिवस घट्ट बसतं, नंतर सॉकेटचा चिमटा कायमचा फाकतो. सॉकेट बदला, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. प्लगच्या आतले स्क्रूही एकदा आवळून घ्या. तारांना पीळ देऊन, त्यावर सोल्डर न लावता आवळा, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू परत सैल होतो.

मुंग्यांकडे येऊ. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि टेस्टर पेटतो, म्हणजे ॲम्प बिघडला असं नाही. बऱ्याच उपकरणांत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ लागलेली असेल तर तो अगदी किरकोळ करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ लागलेली नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि मीटर त्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. करंट मिलीॲम्पियरच्याही आत असतो, त्यामुळे फक्त मुंग्या. पण त्याचा अर्थ हाच, की तुमच्या त्या पॉइंटला अर्थ नाही. उद्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर हाच पत्रा मारेल.

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थ आहे, असं समजू नका. भोकामागे वायरच नाही, किंवा वायर आहे पण डीबीत लोंबकळते आहे, हे नवीन इमारतींतही बघितलं आहे. मीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दिसले तरी भरवसा नाही, एका तारेच्या धाग्यावरही मीटर तेवढे दाखवेल. जाणता वायरमन फेज आणि अर्थमध्ये क्षणभर शंभर वॅटचा दिवा लावून बघतो, तो न्यूट्रलवर जेवढा पेटतो तेवढाच पेटला पाहिजे. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच) असेल तर दिवा लावताच तो पडेल, आणि पडला तर उत्तमच. हे काम तुम्ही करू नका. अर्थ मधेच तुटलेली असेल तर दिवा लावल्यावर पुढच्या सगळ्या पत्र्यांवर फेज येते.

आपल्या भागातली जमीनही जरा त्रास देते. वर मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग मे महिन्यात खड्डा सुकल्यावर कमजोर होते. सोसायटीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायला वॉचमनला सांगा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या रंगावर तास जातो, यावर पाच मिनिटंही नाहीत.

हमचं निदान घरीच होईल. सेट-टॉप बॉक्समधून डिशची किंवा केबलची गोल वायर काढा. हम गेला तर दोन वाटांनी अर्थ येते आहे, एक सॉकेटमधून, दुसरी त्या केबलमधून, आणि त्या फेऱ्यात फिरणारा ५० हर्ट्झचा करंट तुम्हाला ऐकू येतो आहे. केबलच्या वायरीवर लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो, तो बसवा. केबल काढूनही हम राहिला तर सबवूफर वेगळ्या बोर्डावर आहे का बघा आणि त्याला टीव्ही युनिटच्याच बोर्डावर आणा. नवं सोळाचं सर्किट टाकताना त्याची अर्थ आणि जुन्या सहाच्या पॉइंटची अर्थ टीव्ही युनिटच्या बोर्डातच एकत्र जोडून घ्या, म्हणजे हा फेरा लहान राहतो. अर्थची पिन कापून किंवा वायर सोडवून हम घालवायचा उपाय काही ऑडिओवाले छातीठोकपणे सांगतात. हम जातो, खरं आहे. मुंग्यांबद्दल वर लिहिलं ते परत वाचा.

मित्रांच्या भारी केबलचं. दोन मीटरची ०.७५ची वायर जाऊन अडीचची आली, तर जाता-येता चार मीटर तांब्याचा फरक ०.०७ ओहमच्या आसपास. चार ॲम्पियरला साधारण पाव व्होल्टचा फरक. संध्याकाळी कॉलनीतले एसी चालू झाले की लाइनच त्याच्या कित्येक पट खालीवर होते. योग्य जाडीची, घट्ट बसणारी, खऱ्या तांब्याची वायर घ्या, बाकीचे पैसे स्पीकरला किंवा खोलीतल्या पडद्या-गालिच्याला लावा, फरक ऐकू येईल.

इन्व्हर्टर असेल तर एक तपासा. बिल्डर बऱ्याचदा हॉलचे सहाचे पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प घुमतो आणि तापतो. नवं सोळाचं सर्किट इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवा. आणि वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वायरमनला सांगायचं ते असं: डीबीतून टीव्ही युनिटपर्यंत अडीचची फेज आणि न्यूट्रल, सोबत हिरवी अर्थ, आयएसआय तांबं. १६चा सी कर्व्ह एमसीबी. निव्वळ सोळाचं सॉकेट. समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. बटण फेजवर. जुन्या सहाच्या पॉइंटचा एमसीबी आहे तसाच, मोठा करायचा नाही. ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी नसेल तर डीबी उघडलीच आहे तोवर तोही बसवून घ्या. पाइपात जागा नाही असं तो म्हणेल. मग बाहेरून पीव्हीसी पट्टी मारायला सांगा, टीव्ही युनिटच्या मागे ती कोणाला दिसणार नाही.